पचमढीला गेलेला अभ्यास

देवाने दिवस चोवीस तासांचा केला तो अंदाजाने केला, मोजून केला नाही, असे ठाम मत असलेला एकच माणूस माझ्या पाहण्यात आला, आणि तो नेमका माझा साडू निघाला. माझ्या बायकोची थोरली बहीण, जिला आम्ही सगळे माई म्हणत असू, तिचे हे यजमान. नागपूरच्या सचिवालयात कारकून होते. महालात एकाच घरात वरच्या मजल्यावर ते आणि खाली आम्ही, अशी आम्ही कित्येक वर्षे काढली. मी शाळामास्तर. घंटा झाली की वर्गात जायचे, घंटा झाली की बाहेर यायचे, वेळेचा माझा संबंध एवढाच. त्यामुळे साडूंच्या लेखी मी हातचा गेलेला मनुष्य होतो. "मास्तर, तुमचा दिवस आपला येतो आणि जातो, तुम्हाला पत्ताही नसतो," असे ते मला फार कळवळून सांगत. आता येण्याजाण्याखेरीज दिवसाने दुसरे करायचे तरी काय, असे माझ्या ओठांवर येई. पण थोरला साडू म्हटला की मान ठेवावा लागतो.

वयाच्या अडतिसाव्या वर्षी ह्या गृहस्थांनी वकिलीची परीक्षा द्यायचे ठरवले. वर्ग सकाळचे असत आणि ऑफिस साडेदहाचे, म्हणजे नोकरी सांभाळून शिकता येण्यासारखे होते. ऑफिसची लेखी परवानगी काढली, ती मिळाली चार वर्षांची. एकुलती मुलगी लग्न होऊन उमरेडला गेलेली, घरात दोघेच, आणि खाऊनपिऊन बरे चाललेले. तेव्हा ही उठाठेव कशासाठी, असे मी एकदा विचारले. ते त्या वेळी हात पुसत होते. पुसता पुसता म्हणाले, "अठरा वर्षं मसुदे मी लिहितो आणि खाली सही दुसऱ्याची होते. एकदा तरी मी लिहिलेल्याखाली मी सही करीन म्हणतो." एवढेच बोलले आणि पंचा दोरीवर टाकून निघून गेले. पहिली परीक्षा दोन वर्षांत निघाली. शेवटची तिसऱ्या वर्षी हुकली. चौथ्या वर्षाच्या सुरुवातीलाच साहेबांनी कागदावर शेरा मारला की यापुढे मुदतवाढ नाही. म्हणजे ह्या उन्हाळ्यात पास झाले तर वकील, नाहीतर पेन्शनीपर्यंत कारकून, असा सरळ मामला होता.

आता नोकरी आणि अभ्यास ह्यांची सांगड घालायची तर वेळापत्रक हवे. ते साडू दर रविवारी तयार करीत. फुलस्केप कागदाला कागद जोडून पंचाच्या लांबीचा एक तक्ता होई. त्यात ऑफिसचे तास तांबड्या शाईने, अभ्यासाचे निळ्या शाईने आणि 'घरगुती व किरकोळ' म्हणून जे काही उरे ते शिसपेन्सिलीने, म्हणजे खोडता येण्याजोगे. स्नानाला नऊ मिनिटे, जेवणाला सतरा, संध्येला अकरा. "संध्येला दहा का नाहीत?" असे मी विचारले तर म्हणाले, "मंत्र घाईनं म्हणू नयेत, मास्तर." हा तक्ता आखायला सकाळपासून दिवेलागणीपर्यंतचा वेळ लागे. साहजिकच रविवारचा अभ्यास बुडे. तो बुडालेला अभ्यास आठवड्यात कुठे बसवायचा, ह्यासाठी सोमवारी तक्ता दुरुस्त करावा लागे, आणि दुरुस्त करायला जो वेळ गेला तो मंगळवारी भरून काढावा लागे. शेवटी त्यांनी 'वेळापत्रक तयार करणे' असा एक स्वतंत्र रकाना घातला. तो रकाना वाढल्यामुळे कागद पुरेना, म्हणून तक्ता पुन्हा पहिल्यापासून आखायला घेतला. माई हे सगळे दारातून बघत उभी असे. एकदा मला म्हणाली, "भाऊजी, इतक्या वेळात एखादा माणूस शिकून, पास होऊन, कोर्टात उभा राहिला असता जी!"

सगळ्या शहरासारखेच तेही गिरणीच्या भोंग्यावर चालत. पण शहर नुसते चाले. साडू भोंग्याच्या पहिल्या सुरावर अंगावर पहिला तांब्या घेत. एका सणाला गिरणी बंद होती हे कुणाच्या ध्यानातच आले नाही. मी अंगणात दात घासत होतो. साडू न्हाणीत पाटावर बसलेले, तांब्या भरून हातात धरलेला, मान तिरपी करून कान लावलेला. पाच मिनिटे गेली, दहा गेली. बंबातले पाणी निवत चालले. माईने आतून विचारले, "काय करून राहिले जी?" त्यावर आतून उत्तर आले, "अजून झाला नाही!" मी म्हटले, "अहो, आज सुट्टी आहे, होणार नाही तो." ह्यावर फार मोठ्या नाइलाजाने, कुणाची तरी परवानगी न घेता केल्यासारखा, पहिला तांब्या ओतल्याचा आवाज आला. त्या दिवशी ते संध्याकाळपर्यंत बेचैन होते.

अभ्यास त्यांनी ऑफिसच्या रीतीनेच चालवला होता, कारण दुसरी रीत त्यांना ठाऊकच नव्हती. प्रत्येक विषयाचा एक बस्ता, बस्त्याला लाल फीत, आत एका बाजूला टिपणे आणि दुसऱ्या बाजूला शेरे. सकाळी ते स्वतःचे कारकून असत आणि संध्याकाळी स्वतःचे साहेब. सकाळी कारकून लिहीत, 'करार कायदा, प्रकरण चौथे. वाचावयास घ्यावे किंवा कसे, आज्ञेसाठी सादर.' संध्याकाळी घरी येऊन हातपाय धुतले की साहेब त्याखाली लिहीत, 'घ्यावे.' तोवर वाचनाची वेळ टळलेली असे, म्हणून दुसऱ्या सकाळी कारकून मुदत मागत. आणि साहेब मोठे कडक होते. प्रकरण चौथे तीन वेळा पुढे गेले तेव्हा साहेबांनी कारकुनाकडून लेखी खुलासा मागवला. तो खुलासा मी माझ्या डोळ्यांनी पाहिला आहे. 'पाहुणे आल्याने व डोके दुखत असल्याने विलंब झाला, तरी क्षमा असावी,' असा विनम्र मजकूर, आणि खाली तांबड्या पेन्सिलीने, 'खुलासा समाधानकारक नाही. पुन्हा असे घडू नये.' मी विचारले, "अहो, पण ह्यात रागावलं कोण आणि कोणावर?" "मास्तर, कामकाजात व्यक्तीचा प्रश्न नसतो," साडू म्हणाले. पण दोन दिवस ते घरात खरोखरच मान खाली घालून वावरत होते. माईने कपाळाला हात लावला. "ह्यांले ह्यांनीच झापलं. आता मी समजूत तरी कोणाची घालू बाप्पा?"

रस्त्यातला वेळही त्यांनी मोकळा सोडला नव्हता. महालातून सिव्हिल लाइन्सपर्यंत सायकलीने जाताना दंडसंहितेची कलमे पाठ व्हावीत म्हणून ते हँडलला चिठ्ठी बांधीत. जुम्मा दरवाज्यापाशी एके दिवशी ते सरळ एका टांग्याच्या घोड्यावर जाऊन आदळले. मी मागून शाळेकडे चाललो होतो, म्हणून हा प्रसंग साद्यंत पाहायला मिळाला. टांगेवाला ओरडला, "बाबूजी, पढ़ाई बाद में करना, पहले घोड़ा तो देखो!" साडू उठले, धोतराचा सोगा झटकला, चिठ्ठीकडे पाहिले आणि म्हणाले, "कलम दोनशे एकोणऐंशी. सार्वजनिक रस्त्यावर बेदरकारपणे वाहन चालवणे." टांगेवाला घाबरला. त्याने हात जोडले. तेव्हा साडू शांतपणे त्याला म्हणाले, "तुला नाही बाबा, मला लागू होतं. तू जा." इतका न्यायी माणूस मी पुन्हा पाहिला नाही, पण सायकलीचे पुढचे चाक त्या न्यायात कायमचे वाकडे झाले.

पाहुण्यांना बारा मिनिटे आणि चहा असेल तर सोळा, असा हिशेब होता. आम्ही घरचे असल्याने आम्हांला त्याचे काही वाटत नसे. पण उमरेडहून त्यांचे व्याही आले तेव्हा पंचाईत झाली. व्याही म्हणजे मुलीचे सासरे, आणि तेही शेतीवाडीवाले, अघळपघळ, एकदा गादीवर टेकले की तिथेच पानाचा डबा उघडणारे. ते व्याहीणबाईंच्या गुडघ्यांची हकीकत सांगत असता मधोमध साडू उठून उभे राहिले आणि म्हणाले, "बरं तर." व्याह्यांनी पाहिले. "मी तं आत्ताच येऊन राहिलो न जी," ते म्हणाले. साडूंनी घड्याळ दाखवले. व्याही मुकाट्याने डबा मिटून खाली माझ्याकडे आले आणि रात्रीच्या जेवणापर्यंत माझ्याच गादीवर बसले. त्या संध्याकाळी माईचा पारा चढलेला मी पहिल्यांदा ऐकला. "व्याह्याले घड्याळ दाखवते का कोणी? पोरीनं सासरी तोंड कसं दाखवाचं मग?" साडूंनी चूक कबूल केली आणि पुढच्या तक्त्यात व्याह्यांसाठी पंचवीस मिनिटांची तरतूद केली.

असे करता करता चौथ्या वर्षाचा उन्हाळा आला. आमच्या नागपूरचा उन्हाळा गोऱ्या साहेबांना सोसत नसे, म्हणून त्या दिवसांत सरकार पचमढीच्या डोंगरावर जाऊन बसे. सरकार जाई म्हणजे मुख्यतः फायली जात. पेट्याच्या पेट्या भरायच्या, पिपरिया स्टेशनापर्यंत रेल्वेने धाडायच्या आणि तिथून मोटारीने घाट चढवायच्या. निम्मे कारकूनही त्यांच्याबरोबर जात. साडूंना परीक्षेसाठी रजा मिळाली होती, परीक्षा संपली की त्यांनी वर जाऊन हजर व्हायचे असे ठरले होते. पण रजेवर जाण्याआधी पेट्या भरण्याची व्यवस्था त्यांच्याकडेच होती, कारण ती त्यांच्याइतकी चोख कुणाला जमत नसे. त्यांनी चपराशाला नियम घालून दिला होता. लाल फीत आणि वर 'तातडीचे' अशी चिठ्ठी दिसली की तो बस्ता पहिल्या पेटीत घालायचा. कुणाला विचारायचे नाही, वेळ दवडायचा नाही.

आणि साडूंचे अभ्यासाचे सहाही बस्ते ऑफिसातच होते. मधल्या सुट्टीत चाळीस मिनिटे वाचता यावे म्हणून त्यांनी ते तिथल्या फळीवर ठेवले होते. रोज नेण्या-आणण्यात नऊ मिनिटे जात, ती ह्यात वाचत. परीक्षा तोंडावर आली म्हणून आठवड्यापूर्वीच त्यांनी सहाही बस्त्यांवर 'तातडीचे' ह्या चिठ्ठ्या चिकटवल्या होत्या. रजेच्या पहिल्या दिवशी ते बस्ते आणायला गेले तर फळी स्वच्छ. म्हाताऱ्या चपराशाने मोठ्या अभिमानाने सांगितले, "कालच गेले जी पयल्या पेटीत. तुमीच तं सांगतलं होतं साहेब, इचारत बसू नोको म्हणून." त्याला काय बोलणार? त्याने अक्षरन् अक्षर आज्ञा पाळली होती. उलट साडूंनी त्याला शाबासकी दिली, असे त्यानेच मला पुढे सांगितले.

ते घरी आले आणि जिन्याच्या पहिल्याच पायरीवर बसले. भर दुपारी ते कधी बसलेले मी पाहिले नव्हते. एरवी ते अगदी छापील बोलत, पण त्या दिवशी तोंडातून घरची बोली आली. "मास्तर, माझा अभ्यास पचमढीले गेला."

मला हसू आले. खोटे कशाला सांगू, मी पोट धरून हसलो. मग त्यांच्या चेहऱ्याकडे लक्ष गेले आणि माझे मलाच कसेसे झाले. चार वर्षांची टिपणे त्या बस्त्यांत होती. पुस्तके त्यांनी केव्हाच ग्रंथालयाला परत केली होती; टिपणे असताना पुस्तक ठेवणे म्हणजे एका विषयाच्या दोन फायली, आणि ते त्यांना खपत नसे. परीक्षेला अकरा दिवस उरले होते. मी म्हटले, तार करू. तार केली. दुसऱ्या दिवशी पचमढीहून उत्तर आले की जावक क्रमांक नसल्याने तारेची दखल घेता येत नाही. हा नियमही, चौकशी केली तेव्हा कळले, साडूंचाच मसुदा होता. "बरोबर आहे," तार वाचून साडू म्हणाले, "मीही हेच उत्तर दिलं असतं." आणि तार नीट घडी करून खिशात ठेवली. मग मी आमच्या गल्लीतल्या एका वकिलांकडून जाडजूड पुस्तके मागून आणली. ती साडूंनी पाहिली आणि तशीच ठेवली. बस्ता नाही, शेरा नाही, तर वाचायचे कुठून आणि कोणाच्या हुकमाने, हेच त्यांना सुचेना. दोन दिवस ते घरभर नुसते फिरत होते. तक्ता भिंतीवर होता, पण त्याच्याकडे पाहिनात. तेव्हा मात्र मला खरोखर भीती वाटली की ह्या माणसाचे वर्ष नव्हे, सगळी हयात हातची चालली.

त्यातून काढले ते माईने, आणि तेही काही मोठा विचार करून नव्हे. उन्हाळ्याचे दिवस, तिचे पापड आणि कुरडया गच्चीवर वाळत होत्या. साडू सारखे पायांत येऊ लागले म्हणून तिने त्यांच्या हातात एक काठी आणि वकिलांकडच्या पुस्तकांतले एक पुस्तक दिले आणि म्हणाली, "फिरून राहिले तं वर बसा जी. वाचा, अन् कावळे हाकला." साडू आज्ञाधारक मनुष्य. गच्चीच्या सावलीच्या बाजूला पोते टाकून बसले. माई जवळच पापड लाटत होती. थोड्या वेळाने तिने विचारले, "काय वाचून राहिले?" त्यांनी सांगितले की क ने ख ला एक घोडा विकला, घोडा लंगडा होता, ते क ला ठाऊक होते पण त्याने सांगितले नाही. माईचे लाटणे थांबले. "काहून नाही सांगितलं?" "कायद्यानं सांगायला तो बांधलेला नव्हता. बघून घेणं हे घेणाऱ्याचं काम." "अन् ख नं विचारलं असतं, अन् क खोटं बोलला असता तं?" साडूंनी पुस्तक चाळले. त्याचे उत्तर पुढच्या पानावर होते. ते त्यांनी वाचले आणि सांगितले. "मग ख चं चुकलं," माई म्हणाली, "विचारावं माणसानं." आणि पुन्हा लाटायला लागली.

मग रोज सकाळी उन्हे चढेपर्यंत हेच सुरू झाले. मी शाळेला सुट्टी असल्याने खाली ओट्यावर असे, आणि वरचे सगळे ऐकू येई. ऐकीव पुरावा चालत नाही हे कळल्यावर माई म्हणाली, "म्हणजे विहिरीवरचं सगळं बाद?" शेजाऱ्याच्या पागोळ्यांचे पाणी आपल्या अंगणात पडण्याचा हक्क किती वर्षांनी लागू होतो हे ऐकून तिने लगेच खाली वाकून आमच्या शेजाऱ्यांचे छप्पर बघितले. स्त्रीधनाचे प्रकरण चालू असताना मात्र तिचे लाटणे थांबले आणि ती हळूच म्हणाली, "म्हणजे ते माझंच होतं? मले तं कोणी सांगितलंच नाही आजपर्यंत." आणि एकदा साडूंनी अज्ञान, म्हणजे वयात न आलेल्या, व्यक्तीशी केलेला करार मुळातच रद्द असतो, असे समजावून सांगितले तेव्हा ती खुदकन हसली. "मी अकरा वर्षांची होती जी लग्नात. मग आपलं कसं?" वर काठीचा आवाज थांबला. कावळ्यांनी त्या दिवशी दोन पापड नेले असावेत. मग साडूंचा विचारपूर्वक आवाज आला. "लग्न हा करार नव्हे. तो संस्कार आहे." "पळवाट काढली!" माई म्हणाली. आणि साडू हसले. तेरा वर्षांत ते मोठ्याने हसल्याचे मी तेव्हा प्रथम ऐकले. मीही खाली ओट्यावर एकटाच हसलो.

परीक्षेच्या आदल्या दिवशी दोन प्रकरणे उरली होती. ती घेऊ म्हणता म्हणता पापडांचे पीठ संपले आणि साडूंची पेन्सिली तासायची वेळ झाली. परीक्षा चार दिवस चालली. पहिल्या दिवशी ते बाहेर आले तेव्हा मी फाटकाशी उभा होतो. त्यांचा चेहरा पाहून मला काही अंदाज येईना. चालता चालता म्हणाले, "मास्तर, गंमत झाली. लिहायला बसलो तर टिपणं आठवेनात. हिचे प्रश्न आठवत होते. म्हणून तीच उत्तरं लिहिली." हे चांगले झाले की वाईट, हे त्यांनाही कळत नव्हते. शेवटचा पेपर दिला आणि दुसऱ्या दिवशी ते पचमढीला हजर व्हायला गेले.

तिथून त्यांचे एक पत्र मला आले. त्यांचे बस्ते वर पोहोचल्यावर कुणी दाबून ठेवले नव्हते. सरकारी कागद तो, त्यावर कारवाई झाली होती. करार कायद्याच्या बस्त्यावर पहिल्या हाताने शेरा होता, 'क कोण? ख शी त्याचा संबंध काय? घोडा सरकारी आहे काय?' दुसऱ्याने तो पशुवैद्यकीय खात्याकडे पाठवला होता. त्या खात्याने लिहिले होते, 'घोडा समक्ष पाहावयास मिळाला नाही, सबब मत देता येत नाही.' असे पाच हात फिरून बस्ता अखेर 'संबंधित कारकुनाने खुलासा करावा' ह्या हुकमासह साडूंच्याच मेजावर आला होता. त्यांनी खुलासा लिहिला. तो समाधानकारक मानण्यात आला, असे पत्रात होते, आणि त्या वाक्याखाली त्यांनी दोनदा रेघ मारली होती.

निकाल लागला तेव्हा ते अजून डोंगरावरच होते. यादी पाहायला मी गेलो. तिसरा वर्ग, पण नंबर होता. मी दोनदा वाचला, एका अनोळखी विद्यार्थ्याकडून वाचवून घेतला, आणि जिना धडधड चढत माईकडे गेलो. "माई, पास! वकील झाले!" तिने देवापुढे साखर ठेवली, माझ्या हातावर ठेवली, उमरेडला लेकीला कळवायला सांगितले. सगळे रीतसर केले. मग ती उंबऱ्यावर बसली आणि पदराने डोळे पुसायला लागली. मी म्हटले, "आनंदाचं आहे की हे."

"आनंदाचंच आहे जी," ती म्हणाली. "त्यांच्या मनासारखं झालं. पण भाऊजी, लग्नाले सव्वीस वर्षं झाली, ते माझ्याशी असे बसून बोलले ते त्या नऊ दिवसांत. आता पास झाले, म्हणजे माझी शाळा सुटली."

शाळा सुटली म्हणून ओरडत धावणारी पोरे मी रोज पाहतो. शाळा सुटली म्हणून डोळे पुसणारे माणूस मला नवीन होते. शेवटी मी विचारले, "त्यांना तार करायला चाललो आहे. तुमच्याकडून काही लिहू?" ती आधी नको म्हणाली. मी चपला घातल्या, चार पायऱ्या उतरलो, तेव्हा वरून आवाज आला, "लिहा, दोन प्रकरणं राहिली." तारमास्तरांनी मजकूर वाचला आणि मला विचारले, "पास झाले ना? मग प्रकरणं राहिली कशी?" मी म्हटले, "तुम्ही पाठवा, त्यांना कळेल." खरे तर कळेल अशी माझी खात्री नव्हती.

सरकार डोंगरावरून खाली उतरले. साडू वळकटी घेऊन टांग्यातून उतरले, माझी चौकशी केली, आणि हातपाय धुऊन वर गेले. मी मुद्दाम ओट्यावरच थांबलो. वर लाकडी जमिनीवर पाट सरकल्याचा आवाज झाला. मग साडू म्हणाले, "कुठवर आलो होतो आपण?" माई म्हणाली, "आधी हात तं पुसा जी."

पुढे ते वकील झाले. फार मोठे नाही, पण अर्जांखाली स्वतःची सही करीत, आणि ती चांगली ऐसपैस करीत. ती दोन प्रकरणे त्यांच्या कुठल्याही तक्त्याप्रमाणे आठ दिवसांत आटपायला हवी होती. ती कित्येक वर्षे चालली. एकदा मी माईला थट्टेने विचारले की झाली का. ती म्हणाली, "संपवाची काय घाई आहे?" ह्यावर मी पुन्हा कधी थट्टा केली नाही.

माई आधी गेली. दिवस झाल्यावर एका सकाळी मी वर गेलो तेव्हा साडू खिडकीशी बसले होते. काहीतरी बोलायचे म्हणून मी म्हणालो, "ते राहिलेलं वाचायचं का? मी ऐकतो." त्यांनी मान हलवली. "नाही मास्तर. तुम्हाला तिच्यासारखं विचारता येणार नाही." ते खरेच होते. मग आम्ही दोघे तिथेच बसून राहिलो, आणि किती वेळ बसलो ते दोघांपैकी कुणीच पाहिले नाही.